‘क्ष’चा उंबरठा

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेने आपल्याच नव्या विद्यार्थ्यांच्या गणिताविषयी एक अहवाल काढला आणि थोड्याच दिवसांत तो आमच्या निवृत्त बँकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दाखल झाला. दाखल झाला म्हणजे अहवाल नव्हे. त्यातले एक उदाहरण तेवढे. ७ + २ = ☐ + ६, तर चौकटीत कोणता अंक येईल? विद्यापीठाच्या उजळणी वर्गातल्या दर चार विद्यार्थ्यांपैकी एकाला हे जमले नव्हते. खाली हसऱ्या चेहऱ्यांची माळ लागली. ‘आमच्या दुसरीतल्या नातवाला पाठवतो शिकवायला,’ असे एका माजी शाखाधिकाऱ्यांनी लिहिले. महासत्तेची फजिती झाली की आपला रविवार बरा जातो.

अहवालात हसण्यासारखे फारसे नाही. २०२० ते २०२५ या पाच वर्षांत, ज्यांचे गणित माध्यमिक शाळेच्याही पातळीखाली आहे अशा नवागतांची संख्या या विद्यापीठात जवळजवळ तीस पट झाली. नव्याने दाखल होणाऱ्या आठांत एक, असे प्रमाण पडते. सॅन डिएगो म्हणजे कोपऱ्यावरचे कॉलेज नव्हे. तिथे प्रवेश मिळाला की आपल्याकडे पेढे वाटतात. यातल्या अनेक मुलांच्या शालेय प्रगतिपुस्तकावर गणितात अव्वल श्रेणी होती. कोविडच्या काळातल्या बंद शाळा, प्रवेशासाठीची ‘सॅट’ परीक्षा २०२० मध्ये रद्द करण्याचा निर्णय, शाळांनी सढळ हाताने वाटलेल्या श्रेणी आणि साधनांची चणचण असलेल्या शाळांतून आलेल्या मुलांचे वाढते प्रमाण, अशी कारणे अहवालाने दिली आहेत.

आता त्या उदाहरणाकडे वळू. ते बेरजेचे उदाहरण नाहीच. सात आणि दोन नऊ हे त्या मुलांना ठाऊक असते. घोटाळा बरोबरच्या चिन्हाशी आहे. लहानपणापासून ज्याने ‘=’ हे चिन्ह ‘आता उत्तर लिहा’ एवढ्याच अर्थाने पाहिले, तो मुलगा चौकटीत ९ लिहून मोकळा होतो. चिन्हाच्या दोन बाजूंचे वजन सारखे, ही तराजूची कल्पना त्याच्या मनात कधी उतरलेलीच नसते. आज दुपारी जेवण झाल्यावर आपल्या घरातल्या चौथी-पाचवीच्या मुलाला हेच उदाहरण घालून पाहा. ३ आले तर आनंदच आहे. ९ किंवा १५ आले तर मात्र अमेरिकेला हसणे थांबवावे आणि मुलावर ओरडू नये. बीजगणित सुरू होते ते ‘क्ष’पासून नव्हे, या चिन्हापासून.

अमेरिकेत गेली पंधरा-वीस वर्षे ‘कॉलेज अल्जिब्रा’ नावाच्या एका विषयावरून जे रण माजले आहे, ते समजून घ्यायला हा तराजू उपयोगी पडतो. नावात कॉलेज असले तरी अभ्यासक्रमात आपल्या नववी ते अकरावीतलाच माल आहे: रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, बहुपदी, असमानता, फलने आणि त्यांचे आलेख, शेवटी घातांक आणि लॉगॅरिदम. हा अभ्यासक्रम मुळात कॅल्क्युलसची पूर्वतयारी म्हणून बेतलेला. पण तो घेणाऱ्यांतले बहुसंख्य विद्यार्थी कॅल्क्युलसच्या वाटेला कधी जात नाहीत. कोणाला समाजशास्त्र शिकायचे असते, कोणाला हॉटेल चालवायचे असते. पदवीसाठी गणिताचा एक विषय हवा म्हणून ते इथे येतात आणि मोठ्या संख्येने इथेच गळतात. आपल्याकडे दहावीच्या गणिताने जे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, ते तिथे हा विषय करतो. फरक एवढाच की आपल्याकडे हा उंबरठा पंधराव्या वर्षी येतो. तिथे तो अठराव्या, पंचविसाव्या, कधी चाळिसाव्या वर्षीही येतो.

या उंबरठ्याच्या अलीकडे आणखी पायऱ्या होत्या. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची एक फार चांगली संस्था आहे. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, कमी शुल्क, आणि गुणांची अट न घालता कोणालाही प्रवेश. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. पूर्वी तिथे पाऊल टाकले की पातळी ठरवणारी परीक्षा घेत. तिच्यात कमी पडला की विद्यार्थ्याची रवानगी खाली: अंकगणित, मग बीजगणिताची पूर्वतयारी, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक बीजगणित, आणि हे सगळे पार पाडल्यावर कॉलेज अल्जिब्रा. खालच्या पायऱ्यांचे गुण पदवीत धरत नाहीत. वेळ आणि पैसा मात्र पूर्ण लागतो.

या शिडीचा हिशेब कोणत्याही बँकेतल्या कारकुनाने मांडून दिला असता. समजा, प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर पास होतात. म्हणजे निकाल वाईट नाही. चार पायऱ्या झाल्या की सत्तराचे सत्तर टक्के, त्याचे सत्तर टक्के, पुन्हा त्याचे सत्तर टक्के, उरतात चोवीस. शंभरातले शहात्तर वाटेत गळाले आणि तरीही प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गाचा सत्तर टक्के निकाल दाखवून छाती पुढे काढू शकतो. शिवाय पास झालेला प्रत्येकजण पुढच्या सत्राला येतोच असे नाही. कोणाचे लग्न निघते, कोणाची पाळी बदलते, कोणाची गाडी बंद पडते.

२०२३ मध्ये मी सान होजेच्या परिसरात मुलीकडे पाच महिने होते. नातवाला सांभाळायला एक बाई येत. वय बेचाळीस, जन्म मेक्सिकोतला, घरी दोन मोठी मुले. त्यांना स्वतःचे पाळणाघर काढायचे होते आणि त्यासाठी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी हवी होती. पदवीच्या वाटेवर व्यापारी कॅल्क्युलस उभे आणि त्याच्या दारात कॉलेज अल्जिब्रा. दहा वर्षांपूर्वी याच बाईंना परीक्षेने अंकगणितात ढकलले होते. दोन पायऱ्या चढून त्यांनी नाद सोडला. आता कायदा बदलला होता, पायऱ्या निघाल्या होत्या, म्हणून त्या पुन्हा आल्या होत्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग आणि त्याला जोडून एक जादा मदतीचा तास. गृहपाठ संगणकावर. कंस राहिला की यंत्र लाल फुली दाखवणार; का चुकले ते नीट सांगणार नाही.

नातू झोपला की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मला त्या ‘सेन्योरा’ म्हणत. दुधाचा, डायपरचा, पेट्रोलचा हिशेब त्या तोंडी आणि झटपट करीत. पण ‘क्ष’ दिसला की त्यांची पेन्सिल थांबे. ‘हा कोण आहे तेच मला कळत नाही, मग त्याच्याशी बोलू काय?’ असे एकदा म्हणाल्या. मी त्यांना भास्कराचार्यांचे सांगितले. ११५० च्या सुमारास आपल्या सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या या गणितज्ञाने ‘बीजगणित’ ग्रंथ लिहिला, तेव्हा आपल्या परंपरेत पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत. जेवढे असेल तेवढे! एकाहून अधिक अज्ञात राशी आल्या तर त्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. बाईंना हे फार आवडले. पुढचे काही दिवस त्यांच्या वहीत समीकरणे निळ्या-पिवळ्या पेन्सिलीने उतरत होती. (त्यांच्याकडूनही मला एक मिळाले. ‘अल्जिब्रा’ हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्‌-ख्वारिज्मीच्या ग्रंथनामातून आला, त्यातल्या अल्‌-जब्रचा एक अर्थ मोडलेले पुन्हा सांधणे. आणि जुन्या स्पॅनिशमध्ये ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणजे हाडवैद्य. त्यांच्या आजीला तो शब्द ठाऊक होता म्हणे.)

पण खरी गाडी सुरू झाली ती गाडीवरूनच. बाईंना जुनी मोटार बदलायची होती. विक्रेता एकच प्रश्न विचारत होता: महिन्याला किती परवडेल? कर्ज १८,००० डॉलर, व्याज नऊ टक्के. ४८ महिन्यांत फेडले तर हप्ता साधारण ४४८ डॉलर. ७२ महिन्यांत फेडले तर ३२४. विक्रेत्याने ३२४ वर बोट ठेवले होते. आम्ही त्यांच्याच पुस्तकातले घातांकाचे प्रकरण उघडले आणि ‘क्ष’च्या जागी महिने घातले. पहिल्या वाटेने व्याज सुमारे ३,५०० डॉलर, दुसऱ्या वाटेने सुमारे ५,३६०. महिन्याला १२४ डॉलरची सोय आणि शेवटी १,८६० डॉलरचा भुर्दंड. बाई बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसल्या. मग त्यांनी स्वतःच ६० महिन्यांचा हप्ता काढून पाहिला. तोवर त्या प्रकरणाला त्या ‘परीक्षेपुरते’ असे म्हणत होत्या.

त्या सत्रात त्यांनी विषय मधेच सोडला. घरात आजारपण निघाले. पुढच्या सत्रात पुन्हा घेतला आणि ‘सी’ मिळवला. ‘सी’वर पुढे जाता येते. पाळणाघर अजून निघालेले नाही.

ज्या कायद्याने पायऱ्या काढल्या तो कॅलिफोर्नियाचा विधेयक क्रमांक ७०५. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच्यावर राज्यपालांची सही झाली आणि २०१९ च्या शरद सत्रापासून तो पुरता लागू झाला. पातळी ठरवणाऱ्या परीक्षेऐवजी शाळेतले गुण पाहा आणि विद्यार्थ्याला वर्षभरात पदवीच्या दर्जाचा गणिताचा विषय पुरा करण्याची जास्तीत जास्त संधी मिळेल असे बसवा, असा त्याचा मथितार्थ. २०२२ मध्ये विधेयक क्रमांक १७०५ ने तो आणखी आवळला. परिणाम दुहेरी झाला. पदवीच्या दर्जाचे गणित पहिल्याच वर्षात पार करणारे खूप वाढले, कारण पूर्वी ते तिथवर पोचतच नव्हते. आणि थेट त्या वर्गात बसून नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली. पहिल्या आकड्याकडे पाहणारे सुधारक खूश आहेत, दुसऱ्याकडे पाहणारे प्राध्यापक चिडले आहेत, आणि दोघेही खरे बोलत आहेत. ताळेबंदाच्या दोन बाजू वेगवेगळ्या माणसांनी वाचायच्या म्हटल्यावर दुसरे काय होणार?

वाद मात्र त्याहून खोल आहे: हा विषय हवाच कशाला? २०१२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हा प्रश्न सरळ विचारला. बीजगणितापायी लाखो मुले शिक्षण सोडतात, कामावर कोणाला वर्गसमीकरण सोडवावे लागत नाही; त्यापेक्षा नागरिकाला लागणारी संख्याशास्त्राची समज द्या, असे त्यांचे म्हणणे. २०१६ मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तकही लिहिले. गणितज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. पण त्याच वर्षी न्यूयॉर्क शहर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते हॅकर यांच्या बाजूचे वाटावेत असे होते. उजळणीची गरज आहे असे ठरलेल्या सुमारे नऊशे विद्यार्थ्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचे प्राथमिक बीजगणित, दुसऱ्याला तेच पण जादा तासांसह, तिसऱ्याला थेट पदवीच्या दर्जाचे संख्याशास्त्र, जादा तासांसह. पहिल्या गटातले ३९ टक्के पास झाले, दुसऱ्यातले ४५, तिसऱ्यातले ५६. म्हणजे ज्यांना खालच्या पायरीचे बीजगणित पेलणार नाही असे धरले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक वरच्या पायरीचे संख्याशास्त्र पेलून गेले.

मला या प्रयोगाविषयी आदर आहे. समाजशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलीला संख्याशास्त्राची वाट मोकळी करून देणे हे शहाणपणाचेच आहे. पण हॅकर यांच्या ‘कामावर लागत नाही’ या वाक्याशी माझे जमत नाही. मी तीस-पस्तीस वर्षे कर्जखात्याच्या आसपास काढली. आपल्याकडे दुचाकीच्या किंवा फ्रिजच्या कर्जाला ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’ असे सांगणारे पुष्कळ भेटत. एक लाख रुपये, तीन वर्षे, दहा टक्क्यांनी तीस हजार व्याज, भागिले छत्तीस. हप्ता ३,६११ रुपये. ऐकायला सरळ. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतलेले असते. घटत्या शिलकेवर खरा दर काढला तर तो येतो अठरा टक्क्यांच्या जवळ. हा दर बेरीज-वजाबाकीने निघत नाही. त्यासाठी ‘क्ष’ मांडावाच लागतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांच्या बाबतीत खरा वार्षिक दर एका पानावर छापून देणे बंधनकारक केले, हे उत्तम झाले. पण तो दर आणि तो हप्ता यांचा संबंध काय, हा प्रश्न मनात यायलाही बीजगणिताचा थोडा वास लागलेला असावा लागतो. सूत्र विसरले तरी चालते. अज्ञात गोष्टीला नाव देऊन ती कागदावर धरता येते, हा विश्वास विसरून चालत नाही.

अमेरिकेत हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट ओळखले ते गणिताच्या एखाद्या विभागप्रमुखाने नव्हे, बॉब मोझेस या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्याने. साठच्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची नावे मतदार यादीत यावीत म्हणून या माणसाने मार खाल्ला, तुरुंग पाहिला. तिथे मतदार होण्याआधी राज्यघटनेच्या एखाद्या कलमाचा अर्थ लावून दाखवावा लागे आणि तो बरोबर की चूक हे ठरवणार गोरा अधिकारी. पुढे ते टांझानियात शिक्षक होते. १९८२ मध्ये, केंब्रिज या बॉस्टनशेजारच्या गावी, आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणितच नाही हे पाहून त्यांनी तिला आणि तिच्या सोबत्यांना शिकवायला घेतले. त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. त्यांचे म्हणणे असे: काल मतपत्रिकेच्या दारावर जी परीक्षा होती, तीच आज बीजगणिताच्या रूपाने नोकरीच्या दारावर उभी आहे, तेव्हा दार पाडा असे म्हणू नका, आमच्या मुलांना ते उघडायला शिकवा. २०२१ मध्ये ते वारले.

मोझेस शिकवायचे कसे, हे आपल्याकडच्या शिक्षकांनी जरूर पाहावे. मुलांना ते बॉस्टनच्या भुयारी रेल्वेने फिरवून आणत. एक स्टेशन शून्य धरायचे, एक दिशा धन, दुसरी ऋण. मुंबईकरांनी दादर शून्य धरावे. विरारच्या बाजूला माटुंगा रोड अधिक एक, माहीम अधिक दोन. चर्चगेटच्या बाजूला प्रभादेवी उणे एक, लोअर परळ उणे दोन. लोअर परळहून माहीमला जायचे तर किती स्टेशने? अधिक दोनातून उणे दोन वजा करा. बोटांवर मोजून चार येतात. ‘उणे उणे अधिक’ हा जो मंत्र आपल्याला डोळे मिटून पाठ करायला लावला, तो लोकलच्या दारात उभ्या मुलालाही दिसू शकतो. आधी प्रवास, मग त्याचे चित्र, मग आपल्या शब्दांत वर्णन, मग नेमके शब्द आणि सर्वांत शेवटी चिन्हे, असा त्यांचा क्रम होता. आपल्या वर्गात चिन्हे पहिल्या दिवशी फळ्यावर येतात.

सगळ्यांना एकाच रांगेत बसवायचे म्हणून सान फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतून बीजगणित काढले आणि नववीवर नेले. हेतू चांगला होता: गोऱ्या आणि आशियाई मुलांचे वेगळे पुढारलेले वर्ग होऊ नयेत. झाले असे, की ज्यांना परवडत होते त्यांनी आठवीचे बीजगणित बाहेर विकत घेतले. आपली मराठी मंडळी तरी मागे कशी राहतील? त्या खाडीच्या दोन्ही काठांवर मराठी घरांत शनिवारच्या गणिताच्या शिकवण्या हा आरतीइतकाच नेमाचा विषय असतो. मार्च २०२४ मध्ये शहरात सल्लादायी मतदान झाले. ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी आठवीचे बीजगणित परत आणा असे सांगितले. बीजगणितावर शहराने मतदान करावे ही गोष्ट मला तरी त्या देशाविषयी आदर वाढवणारी वाटते.

आता घरी येऊ. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद गाजली. दहावीला गणित किंवा विज्ञानात पस्तीस नव्हे, वीस गुण मिळाले तरी अकरावीला जाता येईल. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येईल आणि पुढे गणित वा विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही. नवा अभ्यासक्रम येईल तेव्हा हे अमलात येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एकाने दर्जा घसरला म्हणून गळा काढला, दुसऱ्याने मुलांची सुटका झाली म्हणून स्वागत केले. मी दुसऱ्या तटाच्या अधिक जवळ आहे. ज्या मुलीला चित्रकला, इतिहास किंवा शिवणकाम शिकायचे आहे, तिला बीजगणिताच्या चाळीस गुणांच्या एका पेपरापायी दोन-दोन वर्षे घरी बसवणे हा क्रूरपणा आहे, आणि मुलगी घरी बसली की पुढे काय होते ते आपल्याकडे सर्वांना माहीत आहे.

पण त्या शेऱ्यापाशी मी अडते. पंधराव्या वर्षी कोणाला आपले पुढचे आयुष्य ठाऊक असते? सान होजेच्या त्या बाईंना पाळणाघराची कल्पना सुचली ती पस्तिशीनंतर. आपल्याकडेही शेरा मिळालेला मुलगा उद्या गॅरेज काढील, मग त्याला यंत्र अभियांत्रिकीची पदविका घ्यावीशी वाटेल. मुलगी रुग्णालयात मदतनीस म्हणून लागेल आणि तिथे तिला परिचारिका व्हावेसे वाटेल. तेव्हा काय? पुन्हा परीक्षेला बसता येईल, असे उत्तर मिळते. येईलच. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी देण्याची सोय आपल्याकडे जुनीच आहे. परंतु परीक्षा पुन्हा देता येणे आणि वर्गात पुन्हा बसता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याला एकदा वीस गुण पडले, त्याला अर्ज देऊन काय उपयोग? त्याला शिकवणारे माणूस हवे, तेही कामावरून सुटल्यावर, तेही त्याच्या वयाचा मान ठेवून. नाहीतर तो खासगी क्लासच्या दारात जाणार आणि तिथे बाकावर त्याच्या मुलाच्या वयाची मुले बसलेली असणार.

अमेरिकेची शाळा गणितात कमी पडते, हे सॅन डिएगोच्या अहवालावरून स्पष्टच आहे. पण त्या समाजाने बेचाळीस वर्षांच्या बाईसाठी संध्याकाळी साडेसहाला दिवा लावून ठेवला आहे आणि तिला नववीचे बीजगणित कॉलेजच्या नावाखाली, न लाजता, शिकवले जाते. त्या वर्गात, बाई सांगत, एक निवृत्त बसचालक होता आणि सैन्यातून परतलेली दोन मुले होती. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाने ज्याची टिंगल केली तो हाच वर्ग.

आपल्याकडे अशी गोष्ट नवी नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईतल्या रात्रशाळांनी गिरणीतल्या आणि हॉटेलातल्या किती मुलांना मॅट्रिक केले! त्यांतले काही माझ्याच बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसत आणि व्याजाचे हिशेब माझ्याहून जलद करीत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रे राज्यभर पसरलेली आहेत. वर्षभराचा एक बीजगणिताचा वर्ग, पंचविशीतल्या आणि चाळिशीतल्या माणसांसाठी, हप्ते, मजुरी, जमिनीचे क्षेत्र आणि लोकलची स्टेशने यांच्यापासून सुरू होणारा, आणि तो पार केला की गुणपत्रिकेवरचा शेरा आपोआप पुसला जाईल असा, सुरू करायला फार पैसे लागत नाहीत. तालुक्याला एक खोली आणि एक शिक्षक लागेल. वीस गुणांची सवलत ज्या दिवशी लागू होईल, त्या दिवशी शिक्षण खात्याने त्या खोल्यांची यादीही जाहीर करावी, आणि शेरा छापलेल्या प्रत्येक गुणपत्रिकेबरोबर ती विद्यार्थ्याच्या हातात द्यावी.